एका बादलीत कोरफडीचं वर्ष

बाजारात आठ इंची म्हणून मिळणाऱ्या, २० सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीचं तोंड ३१४ चौरस सेंटिमीटर भरतं. त्या तोंडावर एक मिलिमीटर पाऊस पडला की कुंडीत ३१ मिलिलिटर पाणी जातं, म्हणजे साधारण सहा चहाचे चमचे. आता २६ जुलै २००५ हा दिवस आठवा. मुंबईत सांताक्रूझला त्या २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्या परिसरात उघड्या गच्चीवर असलेल्या प्रत्येक आठ इंची कुंडीवर एका दिवसात जवळपास ३० लिटर पाणी कोसळलं. अशा कुंडीत माती मावते जेमतेम साडेपाच लिटर.

कोरफडीच्या बाबतीत हा आकडा फार मोठा आहे, कारण हे झाड मूळचं आपल्याकडचं नाही. आयुर्वेदाने तिला कुमारी म्हणून आपलंसं केलं, आपल्या अंगणांत ती शेकडो वर्षं रुजली, पण वनस्पतिशास्त्रज्ञ तिचं मूळ घर अरबी द्वीपकल्पात, ओमानच्या हजर डोंगररांगांत मानतात. त्या डोंगरांच्या पायथ्याशी, समुद्रकिनाऱ्यावर मस्कत शहर आहे. मस्कतमध्ये वर्षभरात पडणारा पाऊस असतो १०० मिलिमीटरच्या आसपास. डोंगरावर थोडा जास्त पडतो, इतकंच. म्हणजे मस्कतच्या गच्चीवरच्या आठ इंची कुंडीला वर्षाकाठी सुमारे तीन लिटर पावसाचं पाणी मिळेल. सांताक्रूझच्या कुंडीवर त्या एका दिवसात मस्कतची नऊ वर्षं बरसली.

असा दिवस क्वचितच येतो हे खरं. पण नेहमीच्या वर्षाचे आकडेही कमी नाहीत. मुंबईत वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटर पाऊस धरला तर कुंडीवर सत्तर लिटर पाणी पडतं. पुण्यात सातशे मिलिमीटर धरला तर बावीस लिटर. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटर धरला तर पावणेदोनशे लिटर. आणि यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत येतो.

घरच्या कोरफडी बहुधा दुष्काळाने मरत नाहीत. त्या पाण्याने मरतात. ते का, हे समजून घ्यायला झाडाच्या आत, मातीच्या कणांत आणि रात्रीच्या हवेत चालणारे हिशेब पाहावे लागतात. त्यातले काही आकडे डोकं गरगरवणारे आहेत.

रात्रीचा व्यवहार

पानांवर सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. वाढीसाठी लागणारा कार्बन डायऑक्साइड झाड या छिद्रांतून आत घेतं. पण छिद्र उघडलं की आतली वाफ बाहेर निसटते. प्रत्येक झाडाला ही किंमत मोजावीच लागते. जास्वंद, टोमॅटो, गहू, आंबा अशा बहुसंख्य वनस्पती एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवताना ४०० ते ५०० ग्रॅम पाणी गमावतात. मका, ऊस, ज्वारी यांची रचना थोडी काटकसरीची, त्यांचा खर्च २५० ते ३०० ग्रॅम. कोरफडीच्या पद्धतीने जगणारी झाडं हेच काम ५० ते १०० ग्रॅम पाण्यात उरकतात.

ही बचत होते वेळ बदलल्यामुळे. एप्रिलमधल्या कोरड्या दुपारी तापमान ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, आणि त्याच रात्री उशिरा २२ अंश आणि ६० टक्के असेल, तर हवेची पाणी ओढून घेण्याची ताकद दुपारी रात्रीच्या पाचपट असते. कोरफड दिवसा छिद्रं बंद ठेवते आणि रात्री उघडते. रात्री मिळवलेला कार्बन डायऑक्साइड ती मॅलिक आम्लाच्या रूपात पानांत साठवते. ऊन पडलं की छिद्रं मिटून त्या साठ्यातून साखर तयार करते.

या रात्रपाळीची एक जुनी नोंद भारतातूनच गेलेली आहे. बेंजामिन हेन हे वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिण भारतात काम करत होते. पानफुटीचं पान पहाटे चाखलं तर ते चांगलंच आंबट लागतं आणि दुपारपर्यंत त्याचा आंबटपणा निघून जातो, असं त्यांना आढळलं. त्यांचं हे निरीक्षण १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. त्यामागचं रसायन उलगडायला पुढे शतकाहून जास्त काळ लागला.

आता हे आपल्या बाल्कनीत आणा. समजा, जास्वंदीने आणि कोरफडीने प्रत्येकी दहा ग्रॅम सुका ऐवज वाढवला. पाणी पूर्ण काढून टाकल्यावर झाडात जे उरतं, तो हा ऐवज. त्यासाठी दोघींना सुमारे पंधरा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड लागेल. जास्वंद त्यावर सहा-सात लिटर पाणी खर्च करेल. कोरफडीला लिटर-सव्वा लिटर पुरेल. सकाळी एकाच मगाने सगळ्या कुंड्यांना सारखं पाणी घालत गेलात, तर कोरफडीला तिच्या गरजेच्या पाच-सहापट पाणी रोज मिळतं. शिवाय कोरफड वाढतेही सावकाश, त्यामुळे प्रत्यक्षातलं अंतर याहून मोठं असतं. पानातून बाहेर न पडलेलं ते पाणी कुंडीतच थांबतं, आणि खरी अडचण तिथे सुरू होते.

एक ग्रॅम मातीचा पसारा

मातीत पाणी धरून ठेवण्याचं काम तिच्या कणांचा पृष्ठभाग करतो. कण जितका बारीक, तितका एका ग्रॅममागे पृष्ठभाग जास्त. एक मिलिमीटर जाडीच्या वाळूचा एक ग्रॅम घेतला आणि त्यातल्या सगळ्या कणांचा पृष्ठभाग मोजला, तर तो भरतो सुमारे २३ चौरस सेंटिमीटर. पाच सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या कागदाच्या तुकड्याहूनही कमी.

महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत पसरलेल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटातली चिकणखनिजं असतात. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगा पाडणारी ती हीच. शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटच्या एका ग्रॅममध्ये आतले-बाहेरचे थर धरून ७०० ते ८०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. टेनिसचं पूर्ण मैदान २६१ चौरस मीटरचं असतं. म्हणजे चिमूटभर खनिजात तीन टेनिस कोर्टांइतकी जागा, आणि त्या सगळ्या जागेवर पाण्याचा पातळ थर घट्ट चिकटून बसू शकतो. वाळूच्या ग्रॅमशी तुलना केली तर हा फरक तीन लाखपटीच्या पुढे जातो.

शेतातल्या काळ्या मातीत हे खनिज वाळू-गाळाबरोबर मिसळलेलं असतं, म्हणून तिचा आकडा याच्या काही हिश्श्यात येतो. तरीही पावसाचं पाणी महिनोन्महिने धरून ठेवण्याची तिची ख्याती याच खनिजामुळे आहे. त्या ओलीवर विदर्भ-मराठवाड्यात रब्बीची ज्वारी आणि हरभरा उभा राहतो. पण शेताला वरदान असणारी हीच गोष्ट प्लॅस्टिकच्या कुंडीत बंद केली की कोरफडीच्या मुळांभोवती आठवडेच्या आठवडे ओल राहते.

म्हणून कोरफडीसाठी मिश्रण करताना निम्मा किंवा त्याहून जास्त भाग जाड असावा. दोन भाग जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे, एक भाग साधी बागेतली माती, आणि अर्धा ते एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट. बांधकामावरची वाळू वापरणार असाल तर ती चाळून आणि धुऊन घ्या, कारण तिच्यातली बारीक पूड पोकळ्या बुजवते. मिश्रण ओलं करून मुठीत दाबा आणि मूठ उघडा. ते सहज विस्कटलं पाहिजे. लाडू वळला गेला तर वाळू वाढवा.

मुळांना हवा हवी

मुळंही श्वास घेतात. त्यांना लागणारा ऑक्सिजन मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून येतो. या पोकळ्या हवेने भरलेल्या असतील तर काही अडचण नसते. पाण्याने भरल्या की दोन गोष्टी एकदम घडतात.

पहिली म्हणजे साठा घटतो. २५ अंश तापमानाला एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, तर हवेशी समतोल साधलेल्या एक लिटर पाण्यात फक्त ८ मिलिग्रॅम. म्हणजे तिसाव्या हिश्श्याहूनही कमी. दुसरी गोष्ट त्याहून भारी आहे. ऑक्सिजन पाण्यातून पसरतो तो हवेतल्यापेक्षा दहा हजारपट सावकाश. साठा तिसावा हिस्सा आणि वेग दहा हजारावा हिस्सा, या दोन्हींचा गुणाकार केला तर पाण्याने गच्च भरलेल्या मातीत मुळांपर्यंत ऑक्सिजन पोचण्याचं प्रमाण सुमारे तीन लाखपटीने घसरतं.

श्वास कोंडलेल्या मुळांची टोकं मरतात. मेलेल्या टोकांवर ओलीत वाढणाऱ्या बुरश्या आणि जिवाणू चढतात. मुळं काळी आणि बुळबुळीत होतात आणि कुज खोडाकडे सरकते. याच सुमाराला वरची पानं मलूल दिसू लागतात, कारण पाणी ओढायला मुळंच उरलेली नसतात. मलूल पान पाहून माणूस आणखी पाणी घालतो. घरोघरच्या कोरफडी इथेच दगावतात.

दोन मलूलपणांतला फरक हाताला कळतो. तहानलेल्या कोरफडीचं पान पातळ होतं, कडा आत वळतात, पण बुंधा टणक राहतो. मुळं कुजलेल्या कोरफडीचं पान बुंध्याशी पिवळसर, पाणचट आणि मऊ होतं, हलकं ओढलं तरी निघून येतं. पहिली एका पाण्यात काही दिवसांत सावरते. दुसरीला लगेच कुंडीतून बाहेर काढायला हवं. काळी मुळं स्वच्छ धारदार सुरीने कापून टाका. झाड सावलीत, कोरड्या जागी तीन-चार दिवस उघडं राहू द्या, म्हणजे जखमा सुकतील. मग कोरड्या मिश्रणात लावा आणि पहिलं पाणी आठवड्यानंतर द्या. मातीबाहेर तीन-चार दिवस राहणं बहुतेक झाडांना सोसणार नाही. कोरफडीकडे मात्र पानांत साठा असतो. तिच्या गराच्या १०० ग्रॅमपैकी जवळपास ९९ ग्रॅम पाणीच असतं.

दीडपट कुंडी, साडेतीनपट माती

प्रेमाने केलेली आणखी एक गोष्ट कोरफडीला महागात पडते. ती म्हणजे लहान झाडाला मोठी कुंडी. आठ इंचीऐवजी बारा इंची कुंडी घेतली तर रुंदी दीडपट होते. उंचीही त्याच प्रमाणात वाढली तर आकारमान दीडच्या तिसऱ्या घाताने वाढतं, म्हणजे जवळजवळ ३.४ पट. साडेपाच लिटरच्या जागी साडेअठरा लिटर माती येते. मुळं मात्र तेवढीच असतात. त्यांच्या आवाक्याबाहेरची तेरा लिटर माती कोणीच पीत नाही, आणि ती ओल धरून बसते.

कोरफडीची मुळं उथळ आणि आडवी पसरतात. झाडाच्या मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन बोटं रुंद कुंडी तिला पुरते. खोल कुंडीपेक्षा पसरट बरी, आणि प्लॅस्टिकपेक्षा भाजलेल्या मातीची बरी, कारण तिच्या भिंतीतूनही ओल बाहेर पडते. तळाला भोक हवंच. खालच्या बशीत साचलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका.

डोळ्यांना न दिसणारा अंधार

भर दुपारच्या उघड्या उन्हात प्रकाशाची तीव्रता सुमारे एक लाख लक्स असते. लखलखीत आकाशाखालच्या सावलीत दहा ते वीस हजार. खिडकीपासून दोन मीटर आत ती अनेकदा हजाराच्या खाली येते, आणि संध्याकाळी दिवे लावलेल्या दिवाणखान्यात शंभर ते तीनशे लक्स असते. आपले डोळे इतके सहज जुळवून घेतात की हजारपट फरक आपल्याला 'थोडा कमी उजेड' वाटतो. झाडाला मात्र तो पाचशेपट किंवा हजारपट कमीच मिळतो. ज्या टेबलावर आपण आरामात वर्तमानपत्र वाचतो, तिथे कोरफड उपाशी असते.

उपासमारीची लक्षणं हळूहळू दिसतात. पानं लांब, फिकट आणि पातळ होतात. ती आपल्या वजनाने बाहेर पडू लागतात आणि झाड मधून उघडं दिसतं. अशा झाडाला एकदम मेच्या उन्हात ठेवलं तर पानं तांबूस-तपकिरी पडतात. दोन आठवडे घेऊन त्याला उन्हाची सवय लावा. सुरुवातीला सकाळचं तासभर ऊन, मग दोन तास, मग दहा-अकरा वाजेपर्यंतचं. पूर्वेची बाल्कनी कोरफडीला उत्तम. पश्चिमेची असेल तर एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर जाळीची सावली द्या.

उजेड आणि पाणी यांचा हिशेब एकमेकांत गुंतलेला असतो. कमी उजेडात झाड कमी वाढतं, म्हणून कमी पितं. आत ठेवलेल्या कुंडीला बाहेरच्या कुंडीच्या निम्मंही पाणी लागत नाही.

पेशीत गुंडाळलेले अकरा मीटर

ही सगळी काटकसर जिथे लिहिलेली आहे, ती संहिता थक्क करणारी आहे. भोपाळच्या आयसर या संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये कोरफडीच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध केला. या जनुकसंचात सुमारे १,६०० कोटी रासायनिक अक्षरं आहेत. माणसाच्या जनुकसंचात आहेत सुमारे ३१० कोटी. म्हणजे खिडकीतल्या त्या झाडाची संहिता आपल्या पाचपट मोठी आहे. प्रथिनं बनवण्याच्या सूचना देणारी ८६,१७७ जनुकं या आराखड्यात सापडली. माणसात ती वीस हजारांच्या आसपास आहेत.

एक सेकंदाला एक अक्षर या गतीने, दिवसरात्र न थांबता कोणी ही संहिता वाचायला बसलं तर ५०७ वर्षं लागतील. कोरफडीत गुणसूत्रं मात्र फक्त १४, त्यातली आठ लांब आणि सहा आखूड. माणसात ती ४६. प्रत्येक पेशीत संहितेच्या दोन प्रती असतात. एका अक्षराची लांबी ०.३४ नॅनोमीटर धरून सगळा डीएनए सरळ ताणला, तर एकाच पेशीतला धागा जवळपास अकरा मीटर भरेल. माणसाच्या पेशीत तो दोन मीटर असतो. हे अकरा मीटर मिलिमीटरच्या काही शतांश भागांत मावणाऱ्या केंद्रकात गुंडाळलेले असतात. आकाराने मोठी संहिता म्हणजे अधिक हुशार जीव असं नव्हे, तिच्यातला मोठा हिस्सा पुन्हा पुन्हा आलेल्या मजकुराचा असतो. पण पाण्याचा ताण सोसण्याशी संबंधित जनुकांवर निसर्गाच्या निवडीच्या खुणा या अभ्यासाला आढळल्या, आणि त्या ओमानच्या डोंगरांशी जुळतात.

या कुळाचा पसाराही मोठा आहे. ॲलो या प्रजातीत पाचशेहून जास्त जाती आहेत, आफ्रिकेत, मादागास्करमध्ये, अरबस्तानात पसरलेल्या. मादागास्करची ॲलो डेस्कॉइंगसाय जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद होते. तिची आफ्रिकेतली वृक्षासारखी नातलग ॲलोइडेंड्रॉन बारबेरी अठरा मीटरपर्यंत वाढते. धोक्यातल्या वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय करारात ॲलोच्या सगळ्या जाती आहेत, फक्त एक वगळून. ती वगळलेली जात म्हणजे आपली कोरफड. माणसाने ती इतकी लावली, इतकी वाटली, की तिच्या व्यापाराला परवान्याची गरज उरलेली नाही.

तीन पिलांपासून दहा लाख झाडं

इतकी वाटली ती पिलांमधून. कोरफड स्वतःच्या परागाने सहसा बी धरत नाही, म्हणून घरोघरची बहुतेक झाडं कुणाच्या तरी कोरफडीच्या बुंध्याशी उगवलेली पिलं आहेत. जनुकांच्या दृष्टीने पिलू आणि आई एकच. आजीच्या अंगणातून आईकडे, तिथून तुमच्या बाल्कनीत आलेली कोरफड हे सलग चालत आलेलं एकच झाड आहे.

आता थोडं कल्पनेचं गणित करू. एका झाडाने वर्षाला तीन पिलं दिली, प्रत्येक पिलाने पुढच्या वर्षापासून तीन-तीन दिली, आणि एकही दगावलं नाही असं समजा. दरवर्षी संख्या चौपट होईल. पाच वर्षांत १,०२४. दहा वर्षांत १०,४८,५७६. शेतातल्यासारखं ६० बाय ६० सेंटिमीटर अंतर ठेवलं तर एवढ्या झाडांना ९३ एकर रान लागेल. सतराव्या वर्षी ती १,७०० कोटींच्या पुढे जातील, म्हणजे पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला दोन कोरफडी देऊन वर उरतील.

कुंडीत हे घडत नाही, कारण जागा संपते. पिलांची दाटी झाली की हवा खेळत नाही, आईला अन्न कमी पडतं आणि पानांच्या बेचक्यांत कीड लपते. पिलू चार-पाच इंचांचं झालं आणि त्याला स्वतःची मुळं आली की वेगळं करा. कापाची जागा दोन दिवस सुकू द्या आणि मग लावा. फेब्रुवारी-मार्च किंवा ऑक्टोबर हे त्यासाठी चांगले महिने.

चक्रवाढीचं हेच गणित शत्रूच्याही बाजूने चालतं. पानांच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा ठिपका दिसला तर तो बहुधा पिठ्या ढेकूण असतो. लिंबूवर्गीय झाडांवर सर्रास आढळणाऱ्या जातीची एक मादी ३०० ते ६०० अंडी घालते, आणि उष्ण हवेत एक पिढी साधारण महिन्यात पुरी होते. तीनशे अंडी, त्यांतल्या निम्म्या माद्या आणि सगळ्या जगल्या असं धरलं, तर दुसऱ्या फेरीला ४५ हजार आणि तिसऱ्या फेरीला साडेसदुसष्ट लाख अंडी होतात. प्रत्यक्षात बहुतेक मरतात, पण पहिली मादी टिपण्याची किंमत यातून कळते. कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून ठिपका पुसून काढा, आठवड्याने पुन्हा पाहा, पुन्हा पुसा. दर रविवारी दोन मिनिटं बेचकी तपासली तर औषध फवारायची वेळ सहसा येत नाही.

खोलीतली हवा आणि एक कुंडी

कोरफड रात्री ऑक्सिजन सोडते, म्हणून ती उशाशी ठेवावी, असं बरेच जण सांगतात. ऑक्सिजन तयार होतो तो प्रकाशातल्या क्रियेत. रात्री कोरफड कार्बन डायऑक्साइड आत घेते, पण उजेड नसल्यामुळे ऑक्सिजन बनत नाही. तो दिवसाच बनतो, आणि किती बनतो तेही मोजता येतं. कोरफडीने महिन्याभरात दहा ग्रॅम सुका ऐवज वाढवला, तर त्या बदल्यात सुमारे आठ लिटर ऑक्सिजन सुटतो. शांत बसलेला माणूस मिनिटाला पाव लिटर ऑक्सिजन वापरतो. कोरफडीची महिन्याची कमाई आपण अर्ध्या तासात संपवतो.

हवा शुद्ध करण्याचंही असंच आहे. नासासाठी १९८९ मध्ये झालेल्या प्रयोगांत बंद पेटीत ठेवलेल्या काही झाडांनी हवेतली विषारी वाफ कमी केली होती, आणि त्या झाडांत कोरफडही होती. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा १२ अभ्यासांमधले १९६ प्रयोग एकत्र तपासले. इमारतीत साध्या वायुवीजनाने होणाऱ्या शुद्धीची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला. ५०० चौरस फुटांच्या घरात ही संख्या साडेचारशेच्या पुढे सुरू होते आणि ४६ हजारांपर्यंत जाते. त्यापेक्षा खिडकी उघडावी. कोरफड जवळ ठेवायला तिचं असणं पुरेसं कारण आहे.

तिचा गर वापरायचा असेल तर सगळ्यात बाहेरचं, जाड पान बुंध्यापासून कापा आणि आतली पानं वाढू द्या. कापलेलं पान दहा-पंधरा मिनिटं उभं धरून त्यातला पिवळा चीक निथळू द्या. या चिकात ॲलोइन असतं. ते जोरदार रेचक आहे, आणि पिण्याच्या कोरफडरसात ते दर किलोला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, अशी मर्यादा या उद्योगाने स्वतःवर घालून घेतली आहे. घरी चीक मोजण्याची सोय नसते, म्हणून गर त्वचेपुरता ठेवावा आणि पोटात घेण्याआधी वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारावं. मांजर-कुत्रा पाळत असाल तर कुंडी त्यांच्या तोंडाला येणार नाही अशी ठेवा, त्यांना हा चीक बाधतो.

वर्षाचं पाणी

आता सगळे आकडे एका कुंडीत आणू. आठ इंची कुंडी, वाळू जास्त असलेलं मिश्रण, सकाळचं ऊन. अशा कुंडीला एका वेळी पाऊण लिटर पाणी पुरतं. ते सावकाश घालावं, तळाच्या भोकातून थोडं बाहेर येईपर्यंत. पुढचं पाणी मिश्रण तळापर्यंत कोरडं झाल्यावर. कुंडी उचलून पाहिली की वजनावरून कळतं, किंवा बांबूची काडी तळापर्यंत खोचून बाहेर काढली की तिच्यावर ओल दिसते.

फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत साधारण आठवड्याला एकदा, म्हणजे सोळा-सतरा वेळा. जून लागण्याआधी कुंडी छपराखाली किंवा बाल्कनीच्या आतल्या बाजूला घ्यावी, पण उजेडात. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा, म्हणजे चार वेळा. कोकणात हवा इतकी दमट असते की यातलंही एखादं पाणी टळेल. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दहा दिवसांनी, म्हणजे सहा वेळा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तीन आठवड्यांनी, म्हणजे तीन वेळा. खत म्हणून वर्षातून एकदा, फेब्रुवारीत, वरच्या थरात मूठभर कंपोस्ट.

बेरीज करा. वर्षाला तीस वेळा पाणी, एकूण साडेबावीस लिटर. आंघोळीची एक भरलेली बादली आणि वर दोन-तीन तांबे. पुण्याच्या पावसाळ्यात उघड्या कुंडीवर पडणारं पाणी साधारण एवढंच असतं, फक्त ते चार महिन्यांत येतं. मुंबईत ते तिपटीने येतं. पाऊस किती पडतो हे आपल्या हातात नाही, पण कुंडी छपराखाली दोन हात आत सरकवणं हातात आहे. कोरफडीसाठी वर्षभरात कराव्या लागणाऱ्या कामांत हे सगळ्यात मोलाचं, आणि त्याला लागतात पाच मिनिटं.

उरलेल्या ३३५ दिवसांत पाण्याचा मग तिच्याकडे न्यायचा नाही. या दिवसांत करायचं ते एवढंच: बुंधा टणक आहे का पाहणं, बेचकी तपासणं, झाड उजेडाकडे झुकलं असेल तर कुंडी थोडी फिरवणं. दीड-दोन कोटी वर्षांपासून या कुळाच्या झाडांनी कमी पाण्यात जगण्याची तयारी केली आहे. ती तयारी पूर्ण आहे. तिच्यावर विश्वास ठेवला, तर एक कोरफड तुमच्या घरात वर्षानुवर्षं राहील आणि शेजाऱ्यांना द्यायला पिलंही देईल.